लपणारा जीव आणि पाहणारा माणूस : लखनौच्या नवाबाचा सर्पडोंगर

पाळलेला प्राणी दिवसचे दिवस बिळातच राहिला, तर त्याला पाळण्यात अर्थ तो काय? घोरपडीसारख्या बुजऱ्या प्राण्यांबाबत हा प्रश्न आज अनेकांना पडतो. लखनौच्या एका पदच्युत नवाबाने त्याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकातच शोधले होते.

१८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहू लागले. तेथे त्यांनी जणू दुसरे लखनौच वसवले. त्यात मोठा प्राणिसंग्रहही होता. लहानपणी तेथे राहिलेले लेखक अब्दुल हलीम शरर यांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. त्यात सर्वांत विलक्षण होती ती सापांची व्यवस्था. खोल हौद, त्याच्या भिंती साप चढू नयेत इतक्या गुळगुळीत, आणि मधोमध एक कृत्रिम डोंगर. डोंगरात नळ्यांची बिळे केलेली. हौदात बेडूक सोडले, की साप त्यांच्या मागे धावत आणि लोक कठड्याशी उभे राहून पाहत.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र गृह उघडले ते १८४९ मध्ये. तेथे प्राणी काचेआड होते. मटियाबुर्जच्या रचनेचे वेगळेपण हे, की तिने सापांची लपण्याची जागा काढून घेतली नाही. बाहेर कधी यायचे, हे सापाची भूक ठरवी. १८८७ मध्ये वाजिद अली शाह निवर्तले आणि तो संग्रहही मोडला.

घोरपडीचे लपणे याच दृष्टीने पाहावे. भारतीय घोरपड दिवसा हिंडते, दुभंगलेल्या जिभेने गंध टिपत भक्ष्य शोधते. पण बीळ, ढोली, खडकातील भेग हाच तिचा आधार असतो. उत्तर भारताच्या थंडीत ती दीर्घकाळ निष्क्रिय राहते. संकट आले, की भेगेत शिरून अंग फुगवते आणि नख्या रोवते. मग ती ओढून निघत नाही. तानाजींच्या सिंहगडावरील घोरपडीची आख्यायिका बहुधा याच चिवट पकडीवर उभी आहे. जी पकड आपण पराक्रमाची मानली, ती मुळात लपण्याची आहे.

अवधात घोरपडीला 'गोह' म्हणतात. तिच्या पिलांना 'बिसखोपडा' समजून, जहरी म्हणून मारले जाते. दुसरीकडे नराचे जननेंद्रिय वाळवून 'हत्था जोडी' या नावाने, वनस्पतीचे मूळ म्हणून विकले जाते. भीती आणि लोभ, दोन्ही अज्ञानातून आलेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भारतातील चारही जातींच्या घोरपडी आहेत. त्यांना पकडणे, विकणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे.

लखनौचे प्राणिउद्यान १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीनिमित्त स्थापन झाले. २०१५ मध्ये त्याला वाजिद अली शाहांचे नाव मिळाले. त्या नावामागचा एक धडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा : लपणे हा प्राण्याचा दोष नव्हे, तो त्याच्या जगण्याचा भाग आहे. शेताच्या बांधावर घोरपड क्षणभर दिसली आणि बिळात गेली, तर तेवढ्या दर्शनावर समाधान मानावे. बीळ मात्र उकरू नये.