किती वेग, किती दाम: मुंबई-पुण्यातली प्रोसेसरची निवड

डेस्कटॉप संगणक आणि वर्कस्टेशन ही १९८०च्या दशकात दोन वेगळी घराणी होती. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. पत्रव्यवहार, हिशेब आणि याद्या यांना तो पुरेसा होता. अपूर्णांकांची मोठी आकडेमोड, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, त्याच्या अंगात नव्हती. त्यासाठी ८०८७ नावाचा जोडप्रोसेसर वेगळा विकत घेऊन मदरबोर्डवरच्या रिकाम्या खोबणीत बसवावा लागे. दुसरीकडे अपोलो (१९८०) आणि सन (१९८२) या कंपन्यांनी इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठी मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर घेऊन यंत्रे उभी केली. हाच प्रोसेसर १९८४मध्ये ॲपलच्या मॅकिन्टॉशमध्येही होता. तेव्हा सुरुवातीला वर्कस्टेशनचे मोठेपण प्रोसेसरपेक्षा त्याच्याभोवतीच्या सरंजामात होते: भरपूर मेमरी, मोठा पडदा, नेटवर्क आणि एकाच वेळी अनेक कामे करणारी युनिक्ससारखी प्रणाली.

खरी फारकत झाली ती रिस्क, म्हणजे मोजक्या आणि सोप्या आज्ञांच्या, पद्धतीच्या प्रोसेसरांमुळे. सनचा स्पार्क १९८७मध्ये आला; मिप्स, एचपीचा पीए-रिस्क आणि आयबीएमची आरएस/६००० मालिका हे त्याच पिढीतले. १९९२ साली डिजिटल कंपनीचा अल्फा १५० मेगाहर्ट्झवर धावत होता, तेव्हा डेस्कटॉपवरचा वेगवान ४८६ हा ६६ मेगाहर्ट्झचा होता. फ्लोटिंग पॉइंटमधले अंतर त्याहून बरेच मोठे होते. या काळात दोन्ही प्रोसेसरांची तुलना करायला कोणी फारसे बसतही नसे, कारण एकावर चालणारे सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नव्हते.

भारतात या निवडीवर आयात शुल्क, परवाने आणि रुपयाची किंमत यांचा दाब होता. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल केली, तरी वर्कस्टेशन ही मोठ्या कारखान्यांची आणि संशोधन संस्थांचीच चीज राहिली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून पीसी मिळू लागले. छोट्या ड्रॉइंग ऑफिसांनी त्यावर ऑटोकॅड हे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर चालवले. १९८७चे ऑटोकॅड रिलीज ९ जोडप्रोसेसरशिवाय चालतच नसे, म्हणून २८६सोबत २८७ आणि ३८६सोबत ३८७ अशी जोडी घ्यावी लागे. वर्कस्टेशनचा एक गुण सुटा विकत घेऊन डेस्कटॉपला चिकटवायचा, असा हा व्यवहार होता. १९८९च्या ४८६डीएक्समध्ये ते अंकगणित प्रोसेसरच्या पोटात गेले. दोन वर्षांनी इंटेलने तेच अंकगणित बंद करून ४८६एसएक्स स्वस्तात विकला. एकाच आराखड्यातले काही झाकून किंमत ठरवण्याची ही रीत पुढे या धंद्याचा नियमच झाली.

मुंबई आणि पुणे इथल्या दोन संस्थांना प्रोसेसर निवडण्याचा हा प्रश्न वेगळ्याच तीव्रतेने पडला. अमेरिकेने मोठे सुपरसंगणक देताना अटी घातल्या, काही दिलेच नाहीत. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर तिचे संचालक झाले. अवाढव्य प्रोसेसर मिळणार नसेल तर बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडावेत, हा तिथला मार्ग. १९९१च्या परम ८०००मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. एका ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे चिपमध्येच दिलेले असत, म्हणून जोडणीसाठी वेगळी यंत्रणा लागत नसे. एकेकटा तो फार बलवान नव्हता.

तुर्भ्याला, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, त्याच सुमारास अनुपम मालिका सुरू झाली आणि तिने इंटेलचा आय८६० निवडला. १९८९मध्ये आलेला हा प्रोसेसर कागदावर वर्कस्टेशनच्या पंक्तीतला: ४० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ८ कोटी फ्लोटिंग पॉइंट क्रिया अशी त्याची कमाल सांगितली जाई. परंतु ही कमाल गाठायला बेरीज आणि गुणाकार यांच्या नळ्या एकाच वेळी भरलेल्या ठेवाव्या लागत, आणि ते काम त्या वेळच्या कंपायलरांना जमत नव्हते. हाताने असेंब्ली भाषेत लिहिलेला भाग पळे. फोरट्रानमधून सरळ उतरवलेला प्रोग्राम कमालीच्या खूप खाली राही. प्रोसेसरच्या जाहिरातीतला आकडा आणि हाती पडणारा वेग यांतले अंतर या चिपइतके उघड क्वचितच दिसले असेल. तुलना करायची तर आपलाच प्रोग्राम दोन्हीकडे चालवून पाहावा, हा नियम आजही त्यामुळेच सांगितला जातो. पुढे अनुपममध्ये अल्फाही आला आणि पेंटियमही. एकाच संस्थेने वर्कस्टेशनचा आणि डेस्कटॉपचा प्रोसेसर लागोपाठ वापरून पाहावा, यातच काळ कसा पालटत होता ते दिसते.

तो पालट नोव्हेंबर १९९५मध्ये पेंटियम प्रोने सुरू झाला. पूर्णांकांच्या मानक चाचणीत त्याने बाजारात येतानाच महागड्या रिस्क प्रोसेसरांची बरोबरी केली. फ्लोटिंग पॉइंटमध्ये मात्र तो मागे होता. दोन वर्षांच्या आत अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या आस्की रेड या सुपरसंगणकाने असे हजारो प्रोसेसर जोडून टेराफ्लॉपची सीमा ओलांडली. सी-डॅकचा १९९८चा परम १०००० अजून सनच्या अल्ट्रास्पार्क-२वर उभा होता: १६० प्रोसेसर, १०० गिगाफ्लॉप. हाच प्रोसेसर सनच्या टेबलाजवळच्या वर्कस्टेशनांतही होता. पाच वर्षांनी असा निर्णय घ्यावा लागला असता तर तो बहुधा वेगळा झाला असता.

१९९८च्याच जूनमध्ये इंटेलने झिऑन हे नाव बाजारात आणले, आणि डेस्कटॉप व वर्कस्टेशन यांची आजची विभागणी तिथून मोजता येते. पेंटियम-२ आणि पेंटियम-२ झिऑन यांचा गाभा एकच होता. फरक कॅश मेमरीत होता. डेस्कटॉपच्या काडतुसात ५१२ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. झिऑनमध्ये ५१२ किलोबाइट किंवा एक मेगाबाइट कॅश पूर्ण वेगाने चाले, काडतूस मोठे होते आणि खोबणीही वेगळी. मोठ्या डेटाबेसला त्याचा फायदा होई. ऑटोकॅडवर रेघा ओढणाऱ्याला फारसा जाणवत नसे. दोन महिन्यांनी त्याच कंपनीचा स्वस्त सेलेरॉन ३००ए आला. त्याची कॅश अवघी १२८ किलोबाइट, पण चिपच्या आतच आणि पूर्ण वेगाची. बसचा वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालून दाखवी, आणि पैसे मोजून घेणाऱ्यांचा तो लाडका झाला. कमी दामात जास्त काम याचे त्याहून सुबक उदाहरण त्या दशकात नाही.

वर्कस्टेशनचे जुने घराणे मोडले ते शेवटी सॉफ्टवेअरने. त्रिमितीय आराखड्यांचे सॉलिडवर्क्स १९९५मध्ये थेट विंडोजसाठी लिहिले गेले. वाहन-उद्योगात रुजलेले त्याच प्रकारचे कॅटिया आधी युनिक्स यंत्रांवर चाले. दशक संपताना आलेली पाचवी आवृत्ती विंडोज एनटीवर आली. पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांत त्यानंतर सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचे यंत्र घेण्याचे कारण उरले नाही. शिवाय भारताने १९९७मध्ये माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्याने संगणकांवरचे आयात शुल्क २००५पर्यंत शून्यावर आले. नोव्हेंबर २००७मध्ये टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा पुण्यातला ‘एका’ नावाचा संगणक जगात चौथा ठरला तेव्हा त्यात तीन गिगाहर्ट्झचे झिऑनच होते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही आपल्या तीस अँटेनांचे संकेत जुळवण्याचे काम खास घडवलेल्या हार्डवेअरकडून काढून बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे सोपवले.

एकविसाव्या शतकातली तुलना म्हणून भावंडांमधली आहे. सप्टेंबर २००३चा एएमडी ॲथलॉन ६४ एफएक्स-५१ हा जवळजवळ त्याच कंपनीचा सर्व्हरसाठीचा ऑप्टेरॉनच होता; खोबणीही तीच आणि सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरीही तीच. पुढच्या पिढ्यांत तर एकाच गाभ्याचे ठोकळे कमी-जास्त जोडून दोन्ही बाजारांचा माल तयार होऊ लागला.

एएमडीचेच सप्टेंबर २०२२चा डेस्कटॉपसाठीचा रायझेन ९ ७९५०एक्स आणि २०२३अखेरचा वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स ही अशीच जोडी. पहिल्यात १६ कोअर, बाजारात येतानाची जाहीर किंमत ६९९ डॉलर, मूळ वेग ४.५ आणि कमाल ५.७ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात ९६ कोअर, ९,९९९ डॉलर, मूळ वेग २.५ आणि कमाल ५.१. त्या किमतींना कोअरमागे पहिला ४४ डॉलरला पडे, दुसरा १०४ला. एका वेळी एकच कोअर राबवणाऱ्या कामात महाग प्रोसेसर मागे राहतो, आणि त्रिमितीय आराखड्याची पुनर्बांधणी हे बरेचसे तसेच काम आहे. सगळे कोअर राबवणाऱ्या कामातही जीन ॲमडालने १९६७मध्ये मांडलेली मर्यादा आड येते. कामाचा दहावा हिस्सा ओळीनेच करावा लागत असेल तर १६ कोअरवर ते ६.४ पट जलद होते आणि ९६ कोअरवर अवघे ९.१ पट. तो हिस्सा शंभरावा असेल तर हेच आकडे १३.९ आणि ४९.२ होतात. चौदा पट किमतीचे समर्थन वेगाच्या एवढ्या हिशेबावर कुठल्याच बाजूने होत नाही.

ते होते मेमरीवर. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला मेमरीची दोन चॅनेल असतात, थ्रेडरिपर प्रोला आठ. डीडीआर५-५२०० मेमरीवर पहिल्याचा ओघ सेकंदाला ८३ गिगाबाइट, दुसऱ्याचा ३३३. हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचे गणित करणारा प्रोग्राम बहुतेक वेळ आकडे येण्याची वाट पाहत असतो, त्यामुळे तिथे कोअरपेक्षा हा ओघ निर्णायक ठरतो. शिवाय थ्रेडरिपर प्रोला दोन टेराबाइटपर्यंत मेमरी आणि १२८ पीसीआय मार्गिका. चार ग्राफिक्स कार्डे पूर्ण वेगाने लावायची असतील तर डेस्कटॉपचा बोर्ड तिथेच हात टेकतो.

चुका सुधारणारी ईसीसी मेमरी हा वादाचा मुद्दा आहे. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ती तो ओळखून दुरुस्त करते. आठवडाभर चालणाऱ्या गणितात हे मोलाचे आहे. इंटेलने बरीच वर्षे आपल्या बहुतेक कोअर प्रोसेसरांना ही सोय न देता ती झिऑनसाठी राखून ठेवली. २०२२च्या डब्ल्यू६८० चिपसेटवर काही डेस्कटॉप प्रोसेसरांना ती मिळाली. ४८६एसएक्सपासूनची झाकण्याची रीत इथेही दिसते, आणि या बाबतीत ती ग्राहकाच्या हिताची होती असे म्हणणे कठीण आहे.

दाम कुठे बसून मोजले जाते यावरही हिशेब हलतो. मस्कतमध्ये रुवीला लागून असलेल्या हमरियासारख्या भारतीय वस्तीच्या भागात किंमत ओमानी रियालमध्ये मोजली जाते. रियाल १९८६पासून २.६००८ डॉलरला बांधलेला आहे. त्यामुळे ६९९ डॉलर म्हणजे २६९ रियाल आणि ९,९९९ म्हणजे ३,८४५ रियाल, त्यावर एप्रिल २०२१पासून पाच टक्के व्हॅट. महाराष्ट्रात तेच ६९९ डॉलर २०२२अखेरच्या सुमारे ८२ रुपयांच्या दराने ५७ हजारांवर जातात आणि १८ टक्के जीएसटी धरून साडेसदुसष्ट हजारांच्या घरात पोचतात. जुलै १९९१च्या अवमूल्यनानंतर डॉलर २६ रुपयांच्या आसपास होता. डॉलरमधली किंमत स्थिर राहिली तरी रुपयात ती चढते, म्हणून इथला ग्राहक महागड्या प्रोसेसरचे आयुष्य लांबवण्याकडे झुकतो.

त्यातूनच जुन्या वर्कस्टेशनांचा बाजार उभा आहे. कंपन्यांनी मोडीत काढलेली एचपी झेड किंवा डेल प्रिसिजन मालिकेतली यंत्रे दुरुस्त होऊन पुन्हा विकली जातात. त्यांतला २०१६चा झिऑन ई५-२६८० व्ही४ घेतला तर १४ कोअर, कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॅट. एका कोअरच्या कामात आजचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर त्याला मागे टाकतो, आणि वीजबिलही त्याच्या बाजूचे नाही. मात्र त्याला मेमरीची चार चॅनेल आणि ईसीसी आहे, आणि डीडीआर४-२४००वर त्याचा ओघ सेकंदाला ७६.८ गिगाबाइट भरतो, म्हणजे सहा वर्षांनी आलेल्या ७९५०एक्सपेक्षा फक्त ६.४ गिगाबाइटने कमी.