भिंती वांचल्या, माणसें गेलीं

मोठी आग लागली म्हणजे मागाहून कायदा होतो, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे. १६६६ सालच्या सप्टेंबरांत लंडन शहर चार दिवस जळत होतें. सुमारें १३,००० घरें व ८७ प्रार्थनामंदिरें त्या आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. पुढच्याच वर्षीं पार्लमेंटनें शहराच्या पुनर्रचनेचा कायदा केला. घराच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या असाव्यात, घरांचे वर्ग ठरलेले असावेत, प्रत्येक वर्गाच्या घरास मजले किती व भिंतींची जाडी किती हेंहि ठरलेलें असावें, असें त्यानें फर्माविलें. एका घरची आग शेजारच्या घरास लागूं नये, हा त्याचा हेतु. हेतु उत्तम होता आणि तो बऱ्याच अंशीं साधलाहि. परंतु आंत कोंडलेला मनुष्य बाहेर कसा पडणार, हा प्रश्न त्यांत नव्हता. पुढें नाटकगृहांच्या आगींनीं तो मधूनमधून ऐरणीवर आणला. कारखान्यांच्या बाबतींत मात्र तो खऱ्या अर्थानें विचारला जाण्यास १९११ साल उजाडावें लागलें.

न्यू यॉर्क शहरांत वॉशिंग्टन प्लेस व ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर दहा मजल्यांची ॲश बिल्डिंग १९०१ सालीं पुरी झाली. तिचा सांगाडा धातूचा होता आणि ती अग्निरोधक म्हणून गणली जाई. शहराच्या नियमांप्रमाणें १५० फुटांहून उंच इमारतींतच लाकडी जमीन व खिडक्यांच्या लाकडी चौकटी वर्ज्य होत्या. ही इमारत १३५ फूट उंच, म्हणून येथें दोन्ही चालल्या. क्षेत्रफळाच्या मानानें जिने तीन हवे होते. बांधले दोनच, मागच्या बाजूस भिंतीला टांगलेला अरुंद लोखंडी जिना हाच तिसरा समजावा, हा शिल्पज्ञाचा युक्तिवाद पचून गेला. कारखान्याचीं दारें बाहेरच्या बाजूस उघडावींत व कामाच्या वेळांत त्यांस कुलूप असूं नये, असें राज्याच्या मजूर-कायद्यांत लिहिलेलें होतें. परंतु दार बाहेर उघडण्याच्या अटीस ‘शक्य असेल तेथें’ अशी पुस्ती जोडलेली होती. जिन्याची पायरी दाराला भिडलेली आहे, एवढें सांगितलें कीं ती अट संपली.

या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर स्त्रियांचीं पोलकीं शिवण्याचा ट्रँगल नांवाचा कारखाना होता. सुमारें ५०० कामगार. त्यांत बहुतेक युरोपांतून नुकत्याच आलेल्या ज्यू व इटालियन मुली. १९११ सालच्या मार्चची २५ तारीख, शनिवार. सायंकाळचे पावणेपांच वाजण्याच्या सुमारास, काम सुटतां सुटतां, आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या टेबलाखालील चिंध्यांनीं पेट घेतला. दहाव्या मजल्यावर टेलिफोनानें सूचना गेली. नवव्या मजल्यास ती पोंचलीच नाहीं. तेथें आगीची पहिली वर्दी आगीनेंच दिली. ग्रीन स्ट्रीटच्या बाजूचा जिना ज्वाळांनीं अडविला. वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या दाराला कुलूप होतें. मुलींनीं माल चोरून नेऊं नये म्हणून सुटतेवेळीं एकाच वाटेनें सर्वांच्या पिशव्या तपासण्याची तेथें रीत होती. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भारानें कोसळला. लिफ्ट चालविणाऱ्यांनीं जमतील तितक्या खेपा केल्या. बंब त्वरेनें आले. पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपास पोंचून थांबल्या. कित्येक मुलींनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या. अर्ध्या तासाच्या आंत आग आटोक्यांत आली, तोंवर १४६ जीव गेले होते. इमारत मात्र शाबूत राहिली. ती आजहि उभी आहे आणि न्यू यॉर्क विद्यापीठाच्या उपयोगांत आहे. अग्निरोधक म्हणून तिची जी ख्याति होती, ती तिनें खरी करून दाखविली!

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मालकांवर खटला चालला. त्या क्षणीं दाराला कुलूप आहे हें मालकांस ठाऊक होतें, हें निःसंशय सिद्ध न झाल्यामुळें पंचांनीं त्यांस निर्दोष ठरविलें. पुढें १९१४ सालीं दिवाणी दावे मिटले ते दर जीवामागें ७५ डॉलर या भावानें. याहून बोलकी गोष्ट १९१३ सालची आहे. त्या वर्षीं त्याच दोघां मालकांपैकीं एकास पुन्हां कामाच्या वेळीं दाराला कुलूप लावल्याबद्दल दंड झाला. दंडाची रक्कम २० डॉलर!

न्यायालयांत जें साधलें नाहीं तें विधिमंडळांत साधलें. १९११ सालच्या उन्हाळ्यांत न्यू यॉर्क राज्यानें कारखान्यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर त्याचे अध्यक्ष व आल्फ्रेड स्मिथ उपाध्यक्ष होते. आग डोळ्यांनीं पाहिलेल्या फ्रान्सेस पर्किन्स या बाईंनीं आयोगासाठीं कारखाने हिंडून तपासले; ह्याच बाई १९३३ सालीं अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. आयोगाच्या शिफारशींवरून तीसांहून अधिक कायदे झाले. आगीच्या प्रसंगीं बाहेर पडण्याची नियमित कवाईत, उंच मजल्यांवर पुष्कळ कामगार असल्यास आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे, वाटांच्या मानानें माणसांची संख्या, या गोष्टी त्यांतून सक्तीच्या झाल्या. असे फवारे त्यापूर्वींच न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत विमाकंपन्यांच्या आग्रहामुळें बसलेले होते. तेथें मालाचें मोल मोजलें जात होतें. आतां माणसाचेंहि मोजलें जाऊं लागलें.

ही दृष्टि आतां महाराष्ट्राच्या कायद्यांतहि आली आहे. २००६ सालच्या येथील अधिनियमाचें नांवच ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना’ असें आहे. तो ज्या इमारतींस लागू आहे, तेथील आगीची यंत्रणा सुस्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र मालकानें अथवा भोगवटादारानें वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, सादर करावयाचें असतें. परंतु कारखान्याच्या दाराला कुलूप नसावें हा नियम न्यू यॉर्कमध्यें आगीच्या दिवशींहि पुस्तकांत होताच. तेव्हां प्रमाणपत्राचा कागद दप्तरीं ठेवतांना एकदां जिन्याकडे जावें. तेथें सायकली, जुनीं कपाटें, कुंड्या रचलेल्या नाहींत ना, गच्चीच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशांत आहे, हें पाहावें. कायद्याचा अर्थ तेथें कळतो.