कोयनेची भेग आणि फुकट मिळणारं महागडं गणित

धरणाचं भूकंप-गणित शिकणारं पोरगं टोकियोचं असो नाहीतर तेहरानचं, त्याला एक मराठी नाव हमखास माहीत असतं. कोयना. पाटण तालुका कुठं आहे हे त्याला सांगता येणार नाही, पण कोयनेच्या धरणाचा छेद तो कागदावर काढून दाखवील. अबॅकस नावाच्या महागड्या सॉफ्टवेअरबरोबर जी नमुन्याची उदाहरणं येतात, त्यात हे धरण आहे. काँक्रीटला तडा कसा जातो याचं कुणी नवं गणित मांडलं, की ते आधी कोयनेवर चालवून बघायचं अशी जगभर रीतच पडली आहे.

मागं जगत्तुंग सागरावर लिहिलं तेव्हा एकानं विचारलं होतं, की राष्ट्रकूटांच्या काळात कंधारला एवढा तलाव बांधला तेव्हा गणित कसं केलं असेल? उत्तर सोपं आहे: अनुभव, अंदाज आणि भरपूर जाड बांध. आजचं गणित कसं करतात, ते कुठून आलं आणि ते कुणाच्या मालकीचं आहे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. त्यावर ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरला भूकंप झाला, तीव्रता ६.३च्या आसपास. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण उंच भागातल्या खांडांना आडव्या भेगा पडल्या, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना. भेगा पडल्या त्या नेमक्या ‘माने’पाशी. धरणाची उंची १०३ मीटर आणि पायापासून साधारण ६६ मीटरवर त्याचा मागचा उतार एकदम बदलतो, तिथं. बांधकाम चालू असताना धरणाची उंची वाढवायचं ठरलं, म्हणून हा असा विचित्र आकार झाला होता.

आता यातली खरी गोष्ट बघा. त्या काळी दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही असा खडक, अशी समजूत होती. तरी अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून धरणाच्या वजनाच्या ५ टक्के जोर आडवा लागेल असं धरून हिशेब केला होता. त्या हिशेबात मानेपाशी काही धोका दिसत नव्हता. योगायोगानं धरणाच्या आतल्या गॅलरीत भूकंपमापक यंत्र बसवलेलं होतं. त्यानं नोंदवलेला आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा निघाला. पाच टक्के धरले, पन्नास आले. पण नुसता जोर दहापट आला म्हणून मानेपाशीच का तडकलं, हे जुन्या हिशेबात सापडत नाही. जुन्या पद्धतीत धरण म्हणजे एक कडक ठोकळा, सगळीकडं सारखा हलणारा. खरं धरण उसासारखं डोलतं. बुडखा कमी हलतो, शेंडा जास्त.

हे दाखवलं कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा यांनी. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून १९६१ साली तिकडं गेलेला माणूस. १९७३ साली त्यांचा आणि चक्रबर्तींचा कोयनेवरचा निबंध आला. त्यांनी धरणाचा छेद छोट्या छोट्या तुकड्यांत कापला, गॅलरीतल्या यंत्राची नोंद त्याला दिली आणि प्रत्येक क्षणी कुठं किती ताण येतो ते काढलं. काँक्रीटच्या कुवतीच्या पार पुढं गेलेला ताण मानेपाशीच आला, जिथं भेग होती तिथंच.

या तुकडे करून हिशेब करण्याच्या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणतात. आपल्याकडं ज्यानं जमिनीची मोजणी बघितली आहे त्याला ती निम्मी समजलेलीच आहे. वाकड्यातिकड्या बांधाच्या शेताचं क्षेत्रफळ एका दमात निघत नाही. मोजणीदार त्याचे त्रिकोण पाडतो, एकेकाचं काढतो, बेरीज मारतो. इथं क्षेत्रफळाऐवजी ताण काढायचा, आणि एका तुकड्याचा ताण शेजारच्या तुकड्यावर अवलंबून असतो म्हणून सगळी समीकरणं एकदम सोडवायची, एवढाच फरक. पद्धत पिकली विमानाच्या पंखांवर, बोइंग कंपनीत. १९५६ साली टर्नर, क्लफ वगैरे चौघांचा निबंध आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० साली दिलं. आणि विमानं सोडून ही पद्धत सिव्हिलमध्ये आली ती कशावरून? तर एका तडकलेल्या धरणावरून! अमेरिकेतल्या आर्कान्सामधलं नॉरफोर्क धरण. क्लफ आणि त्यांचा विद्यार्थी एड विल्सन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरवातीला त्याचं गणित केलं.

या विल्सनबद्दल मला विशेष प्रेम आहे. १९७०मध्ये त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं ‘सॅप’. इंग्रजीत याचा एक अर्थ होतो बावळट. हे नाव मुद्दाम ठेवलं, कारण कॉम्प्युटरला अक्कल नसते हे वापरणाऱ्याच्या लक्षात राहावं. आज सॉफ्टवेअरमधून रंगीत चित्र निघालं की त्याला ब्रह्मवाक्य समजून सही मारणाऱ्या मंडळींच्या टेबलावर ही गोष्ट चिकटवून ठेवायला पाहिजे.

सॅप विद्यापीठातून जगभर गेला. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्राचा रंग पालटला. अ‍ॅन्सिस १९७०ची, अबॅकसवाली कंपनी १९७८ची. विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत, म्हणजे लोकांच्या पैशावर, वाढलेलं ज्ञान डब्यात बंद होऊन परवान्यानं विकायला लागलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी त्यात खरी मेहनत घातली आहे. पण परिणाम काय झाला? मी जिथं शिकलो तिथं लॅबमधल्या सगळ्या मशीनवर फोडलेली कॉपी होती. सरांना माहीत, पोरांना माहीत, तपासणीला आलेल्यांना पण माहीत. डबा उघडून आत काय चाललंय हे बघायची सोय नाही, आणि डबासुद्धा चोरीचा. असं इंजिनिअरिंग आम्ही शिकलो.

डबा पुन्हा उघडला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी. जर्मनीत हायडेलबर्गला बांगर्थ, हार्टमन आणि कान्शाट या तिघांनी ‘डील टू’ नावाची लायब्ररी लिहायला घेतली आणि खुली केली. पुढं अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून ‘एमएफईएम’ आली. अणुबॉम्ब तयार करणारी प्रयोगशाळा आपला कोड फुकट वाटते, ही काळाची गंमतच म्हणायची. लायब्ररी म्हणजे तयार सॉफ्टवेअर नव्हे. तयार सॉफ्टवेअर म्हणजे भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर, ड्रायव्हरसकट. लायब्ररी म्हणजे सुताराची हत्याराची पेटी. काम तुम्हाला यावं लागतं, पण काय पाहिजे ते बनवता येतं आणि प्रत्येक हत्यार उघडून बघता येतं.

या नव्या लायब्ऱ्यांचा जोर ‘हाय ऑर्डर’वर, म्हणजे उच्च घातावर आहे. हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मजा इथंच आहे.

साध्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याच्या आत विस्थापन सरळ रेषेत बदलतं असं धरतात. मग अचूक उत्तर पाहिजे तर तुकडे बारीक, आणखी बारीक करत जायचं. उच्च घाताच्या पद्धतीत तुकडे मोठेच ठेवायचे, पण आतली रेषा वाकडी धरायची: दुसऱ्या घाताची, चौथ्या, आठव्या. भूकंपाच्या लाटेला हे फार मानवतं. साध्या तुकड्यांतून लाट शंभर किलोमीटर नेली की तिचा वेग चुकत जातो, ती उशिरा पोचते, आकार बिघडतो. उच्च घाताची लाट शाबूत राहते. एमआयटीच्या अँथनी पटेरा यांनी १९८४ साली ही पद्धत द्रवाच्या प्रवाहासाठी मांडली, आणि पुढं कोमातीच व ट्रॉम्प यांनी तीच वापरून ‘स्पेकफेम’ हा पृथ्वीतल्या लाटांचा खुला प्रोग्रॅम उभा केला. २००३मध्ये जपानच्या अर्थ सिम्युलेटरवर केलेल्या त्या कामाला गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं.

मग सगळे आधीपासून हेच का वापरत नव्हते? कारण हिशेब अंगावर यायचा. घन आकाराचा एक तुकडा घ्या, आठव्या घाताचा. त्यात ९ गुणिले ९ गुणिले ९, म्हणजे ७२९ बिंदू येतात. प्रत्येक बिंदूचा प्रत्येकाशी संबंध, म्हणजे एका तुकड्याचं कोष्टक ५,३१,४४१ आकड्यांचं. असे लाखो तुकडे! हे कोष्टक साठवायचं कुठं, आणि दर फेरीला वाचायचं कसं?

तोड निघाली ती १९८०च्या सुमारास स्टीव्हन ओर्सझॅग यांनी दाखवलेल्या एका युक्तीतून. तिन्ही दिशांचा हिशेब एकदम करायचाच नाही. आधी लांबीच्या दिशेनं, मग रुंदीच्या, मग उंचीच्या. एका फेरीला ६,५६१ गुणाकार, अशा तीन फेऱ्या. ताणासाठी उतार काढायचे म्हणून अजून काही फेऱ्या लागतात, तरी सव्वापाच लाखांपुढं हे काहीच नाही. आणि मोठं कोष्टक तयारच करायचं नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढं तिथल्या तिथं काढायचं. ज्याला पावकी-निमकी पाठ आहे तो दर वेळी रेडीरेकनर उघडत नाही, तसंच. आजच्या मशीनचं दुखणं हेच आहे, की गुणाकार करणारा हात फार चपळ झालाय, पण आकडे ठेवलेलं गोदाम लांब आहे. गोदामाच्या चकरा ज्यानं वाचवल्या तो जिंकला. ग्राफिक्स कार्डवर तर फारच.

पण कार्ड बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, प्रत्येकीची भाषा वेगळी. म्हणून अमेरिकेच्या एक्झास्केल प्रकल्पात ‘लिबसीड’ नावाची लायब्ररी तयार झाली. एका बिंदूपाशी पदार्थ कसा वागतो एवढं तुम्ही एकदा लिहायचं. ते साध्या प्रोसेसरवर कसं चालवायचं, एनव्हिडियावर कसं, एएमडीवर कसं, ते लायब्ररी बघते. तीही खुली आहे.

एक इमानदारीची गोष्ट सांगितली पाहिजे. उच्च घात म्हणजे सगळ्यावरचं औषध नाही. खडकातून लाट धरणाच्या पायापर्यंत आणायला तो उत्तम. पण प्रत्यक्ष भेगेपाशी, जिथं काँक्रीट तुटतं, तिथं वाकड्या गुळगुळीत रेषा उपयोगी पडत नाहीत, तिथं अजूनही साधे बारीक तुकडेच बरे. कोयनेचा पूर्ण प्रश्न सोडवायचा तर दोन्ही लागतात.

यात आपली माणसं कुठं आहेत? आहेत, आणि चांगल्या जागी आहेत. २०२३चं गॉर्डन बेल पारितोषिक ‘डीएफटी-एफई’ या कामाला मिळालं. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारा हा खुला कोड उच्च घाताच्या फायनाइट एलिमेंटवर चालतो आणि पायाला तीच हायडेलबर्गची डील टू आहे. मिशिगनचे विक्रम गविनी, सांबित दास, बिकाश कानुनगो, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले फणी मोटामर्री अशी ती मंडळी. पुण्यात सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० उभा केला, तेव्हा प्रश्न मशीनचा होता. आज तो राहिलेला नाही. मशीन आहेत, कोड उघडा आहे.

आता आपल्या भागाकडं येतो. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली. तिथं कुठलं सॉफ्टवेअर कमी पडलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण कागदावर लातूर तेव्हा सगळ्यात सुरक्षित, पहिल्या विभागात होतं. म्हणजे कोयनेनंतर २६ वर्षांनी आपण पुन्हा तेच ऐकत होतो, की इथं काही होत नाही. हा भाग तिसऱ्या विभागात गेला तो २००२च्या सुधारणेत. आणि २०२४च्या मार्चमध्ये अन् परत जुलैत हिंगोलीकडून आलेले धक्के नांदेडकरांनी अंगावर अनुभवले आहेत.

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. २०२१चा धरण सुरक्षा कायदा म्हणतो, की मोठ्या धरणांचं सर्वंकष मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून करायचं, आणि पहिलं पाच वर्षांच्या आत. कायदा लागू झाला ३० डिसेंबर २०२१ला. महिने तुम्हीच मोजा. आमचं बारूळचं मानार धरणही त्यात येतं. ते मातीचं, त्याचं गणित वेगळं, पाझराचं आणि बांध खचण्याचं, पण तेही याच पद्धतीनं होतं. माझी मागणी एवढीच आहे, की ही गणितं ज्या फायलींवर होतील त्या लोकांसमोर ठेवा. अहवालाचं शेवटचं पान नको, आकडे पाहिजेत: माती कुठली धरली, धक्का किती धरला, तुकडे कसे पाडले. खुल्या लायब्ररीत केलं तर नांदेडच्या कॉलेजातलं पोरगंही ते पुन्हा चालवून ताडून बघू शकतं. कोयनेचे आकडे उघडे होते म्हणूनच तर ते जगाचं धरण झालं.

आणि सिव्हिलच्या पोरांनो, तुमच्यासाठी हे आकडे इथंच देऊन ठेवतो. उंची १०३ मीटर, पायाची रुंदी ७० मीटर, माथ्याची १४.८ मीटर, उतार बदलतो ६६.५ मीटरवर, भूकंपाच्या वेळी पाणी ९१.७५ मीटर. लवचिकतेचा गुणांक ३१,०२७ मेगापास्कल, घनता घनमीटरला २,६४३ किलो. डील टूच्या धडे-मालिकेतला लवचिकतेचा धडा आठव्या क्रमांकावर आहे. साध्या लॅपटॉपवर चालतो. आधी नुसतं वजन आणि पाणी लावून बघा, मग वजनाचे ५ टक्के आडवे लावा, मग ५०. मानेपाशी काय दिसतं ते मला कळवा.