आदिलाबादचा सालगडी

मराठी साहित्यात श्रमिक कोठे भेटतो, असा प्रश्न कोणी केल्यास आपले बोट प्रथम मुंबईकडे वळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, तेव्हापासून परळ-लालबागचा कामगार हा इतिहासाचा विषय झाला. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'मधून त्यास कादंबरीत आणले, आणि नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहात तो स्वतःच्याच तोंडाने बोलू लागला. हे सर्व आपल्या भाषेस भूषणावह आहे, यात शंका नाही. परंतु या कामगाराच्या आयुष्याला गिरणीचा भोंगा होता, पगाराचा दिवस होता, संघटना होती. ज्याच्या श्रमाला भोंगा नव्हता, त्याची दखल घेण्यास आपण फार विलंब लावला. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला खरा. पण जमीन हातची गेलेला आणि दुसऱ्याच्या बांधावर वर्षाच्या बोलीने राबणारा सालगडी त्यानंतरही पुष्कळ काळ आपल्या लेखनात ओझरताच येऊन गेला.

आम्ही ज्या आदिलाबाद जिल्ह्यात आजवर शिक्षकी केली, तेथील सालगड्याची कथा तर आणखीच निराळी आहे. उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी यांच्यामधील हा डोंगराळ मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तो तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. या मुलखातील गोंड हा मुळात मजूर नव्हे. तो नांगर धरणारा, बैल बाळगणारा शेतकरी होता. जमीन मुबलक, माणसे थोडी. एक रान थकले की ते पडीत सोडून शेजारचे रान मोडावे, ही त्याची रीत. कोलाम डोंगरउतारावर कुदळीने शेती करीत. जमिनीचा मालक कोण, हे कागदाला विचारण्याचा प्रसंगच त्यांना आला नव्हता.

तो प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागला. मोजणी आली, पट्टे आले, राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. पडीत टाकलेले रान जंगलात जमा झाले आणि पुन्हा तेथे नांगर घातला तर तो गुन्हा ठरला. कापसाला भाव होता. पुढे रेल्वेही आली. तिकडे वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून नवे शेतकरी पैनगंगा उतरून येत होते. त्यांना अर्ज करणे ठाऊक होते, तलाठ्याकडे जाणे ठाऊक होते. ज्याने रान मोडले त्याच्याजवळ कागद नव्हता, आणि ज्याच्याजवळ कागद होता त्याला राबणारा माणूस हवा होता. सालगडी जन्मास आला तो या दोघांच्या गाठीतून. हे नवे शेतकरी कोण, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. कारण त्यांत आमचे आजोबाही होते.

आमच्या घरात त्यांची एक वही आहे. मोडीत लिहिलेली, फसली सन १३४८ ची, म्हणजे इसवी सन १९३८-३९ ची. तीत पाडव्यास ठेवलेल्या गड्यांची खाती आहेत. एका गोंड गड्याच्या नावापुढे उचल हाली रुपयांत, ज्वारी पायलीत, एक घोंगडी, एक जोडा अशी नोंद असून पुढील पाडव्यास बाकी ओढून पुन्हा तोच गडी, तीच बाकी, वर नवी उचल. चार वर्षांत ती बाकी एकदाही फिटलेली नाही. हिशेब खोटा आहे असे आम्हांस वाटत नाही. आजोबा हिशेबाला चोख होते, असे घरात अभिमानाने सांगत. परंतु चोख हिशेबानेही माणूस बांधला जातो, हे ती वही वाचताना आम्हांस प्रथम कळले. तेलंगणात अशा गड्यास 'भागेला' म्हणत; फुकटच्या राबणुकीस तेथे 'वेट्टी' म्हणत, आपल्याकडे 'वेठ'. दोन्ही शब्द एकाच संस्कृत 'विष्टि'कडे बोट दाखवितात. कर्जापोटी माणूस राबवून घेण्याची पद्धत देशभर कायद्याने रद्द झाली ती १९७६ साली.

त्या खात्यात आणखी एक शब्द वरचेवर येतो : 'बायकोसह'. गड्याची बायको शेण काढी, निंदणी करी, दिवाळीनंतर कापूस वेची. तिच्या कामाचा मोबदला नवऱ्याच्या ज्वारीतच धरलेला आहे. तिला स्वतंत्र ओळ नाही, नावही नाही.

वहीतील ही खाती चालू असतानाच, १९४० मध्ये, आसिफाबादच्या जंगलात जोडेघाट येथे कुमराम भीमू पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जंगलात शेती करण्याच्या हक्कासाठी तो सरकारशी भिडला होता. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीची पाहणी करविली. जमीन हीच या असंतोषाची मुळी आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १९४९ पर्यंत दीड लाख एकरांहून अधिक जमीन आदिवासींच्या नावे झाली. मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि गोंडी भाषेतील पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. ज्या भाषेच्या शेजारात बाकी ओढली गेली, तिच्याच लिपीत गोंडांची मुले अक्षरे गिरवू लागली. पुढे यांतील पुष्कळ जमीन पुन्हा हातची गेली. १९८१ मध्ये इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, त्यामागेही जमिनीचीच तक्रार होती.

या इतिहासाचे वाङ्मय नव्हते असे नाही. गोंडांच्या कुळकथा परधान किकरीच्या साथीने गात आले. विशेष हे की, आदिलाबादच्या परधानांच्या घरात मराठी बोलतात आणि गाणे मात्र गोंडीत गातात. गाणे हीच त्यांची मेहनत; यजमानाच्या घरून मिळणारे धान्य हाच तिचा मोबदला. म्हणजे या मुलखाचा इतिहास ज्यांच्या कंठात होता ते मराठी जाणणारे होते, आणि आम्ही मराठीचे शिक्षक त्यांच्या दारावरून रोज शाळेत जात होतो! सेतुमाधवराव पगडी यांचा सन्माननीय अपवाद सांगितला पाहिजे. आदिलाबादेत सरकारी अधिकारी असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले व त्यांनी त्या भाषांची व्याकरणे लिहिली. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात भुजंग मेश्राम यांनी 'उलगुलान'मधून आदिवासींचा स्वर मराठी कवितेत आणला. परंतु आदिलाबादच्या सालगड्यावरची मराठी कादंबरी आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही. लिहिता येणारे बहुधा वहीच्या अलीकडच्या बाजूस बसलेले होते, हे त्याचे एक कारण असावे. दुसऱ्या बाजूचे लोक आता लिहू लागले आहेत. ते तेलुगूत लिहितात की मराठीत, हे मात्र आपल्या शाळा किती टिकतात यावर अवलंबून राहील.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गात मोडी लिपीचा विषय निघाला, तेव्हा आम्ही ती वही शाळेत नेली. मागील बाकावरील एका गोंड मुलाने खात्यावरचे नाव ऐकले आणि ते आपल्या पणजोबाचे आहे, असे सांगितले. गावही तेच निघाले. त्याने पुढचे वाचून दाखवा म्हटले. आम्ही तास संपल्याचे निमित्त केले, हे येथे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्यास कचेरीत बसवून चारही वर्षांचे खाते ओळीओळीने वाचून दाखविले. तो रागावेल असे वाटले होते. त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, पणजीचं नाव कुठं आहे?" ते नाही, असे आम्ही सांगितले. सोमवारी तो आजीस तिच्या सासूचे नाव विचारून आला. आम्ही वही उघडून त्याच्यापुढे ठेवली, आणि 'बायकोसह' या शब्दाखाली त्याने ते नाव देवनागरीत लिहिले.