कोंबडीमागे चाळीस रुपये

मलकापूर स्टेशनच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. तारीख १८ फेब्रुवारी २००६, वार शनिवार. खिशातला मोबाइल चाचपू नका, इथं तो चालायचा नाही. शेजारच्या माणसाकडं नोकिया आहे आणि तो कुणाला तरी मिस्ड कॉल देण्यात गुंतलाय. बाकावर दोन पोरं धोनीच्या केसांवरून भांडतायत. पाचच दिवसांपूर्वी लाहोरला मुशर्रफनी ते केस कापू नकोस म्हणून त्याला सांगितलंय. बर्ड फ्लू हा शब्द अजून इथं कुणाच्या तोंडी नाही. रात्रीच्या बातम्यांत तो येईल.

भुसावळला उतरा आणि सुरतेकडं जाणारी पॅसेंजर धरा. रस्त्यानंही जाता आलं असतं. तुमच्या गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा धुळ्यावरून थेट नवापूरलाच पोचतो, आणि अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, कोंबड्यांचे पिंजरे सगळे अशाच रस्त्यांनी ये-जा करतात. पण गाडी बरी, माणसं बोलतात. धरणगाव येईल, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. धरणगावला खिडकीतून जरा बघून घ्या. तिथून साळवे जवळ आहे. महिन्याभरात त्या गावाचं नाव पेपरात येणार आहे, आणि आज तिथल्या कोंबड्या उकिरड्यावर निवांत चरतायत.

नवापूरचं स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एका बाकाचा निम्मा भाग इकडं, निम्मा तिकडं. गंमत म्हणून बसून घ्या, उद्या गंमत उरणार नाही. नंदुरबारचे कलेक्टर या बाजूचे आदेश काढतील, सुरतेचे त्या बाजूचे. पलीकडच्या उच्छलच्या कोंबड्याही वाचायच्या नाहीत.

रविवार उजाडतो. गावाकडं येणारे रस्ते पोलिसांनी धरलेत. जीपमधून माणसं उतरतात ती पांढऱ्या अंगरख्यात, गॉगल लावून, तोंड बांधून, पायात गमबूट. बघायला जमलेली पोरं हसतात, कुणी चंद्रावरची माणसं म्हणतं. तुम्हाला हसू येत नाही. हा पोशाख तुम्ही २०२० मध्ये दवाखान्याच्या दारात पाहिलाय, विलगीकरण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, कुणी जवळ येऊन खोकला तर तुमचा हात आपोआप नाकाकडं जातो. या गावाला यातलं काही माहीत नाही. टपरीवरच्या टीव्हीत कराचीचा सामना लागलाय. युवराज शतक ठोकतोय, धोनी समोर उभा आहे, आणि अर्धं गाव तिकडं वळलंय.

शेडमध्ये चला. वासानंच डोळ्यांत पाणी येतं, कारण अमोनिया. पिंजऱ्यांच्या रांगा, खाली विष्ठेचा थर, वर पाण्याची नळी. मधल्या रांगेत एक कोंबडी मान खाली घालून बसलीय. तुरा जांभळा पडलाय, चोचीतून लाळ गळतेय. शेजारची अजून खाद्य टिपतेय, मक्याचा भरडा आणि सोयापेंड. संध्याकाळपर्यंत दोघींचं एकच होणार, पोत्यात.

मालक दारात उभा आहे. तुम्ही सरकारी नाही हे कळल्यावर तो बोलतो.

"मानमोडी आहे ही. राणीखेत. दरसाल कुठं ना कुठं येते. लासोट्याची लस दिलीय मी. पन्नास-शंभर मरतात, बाकीच्या तगतात. आता हे म्हणतात सगळ्या मारा."

तो खोटं बोलतोय असं समजू नका. मानमोडीतही मान वळते, मर लागते, अंडी घटतात. नुसत्या डोळ्यांनी फरक करणं जाणत्या डॉक्टरलाही अवघड. म्हणूनच नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि तिथून एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, असं उत्तर आलं. पण मर त्याआधी काही आठवड्यांपासून चालू होती. त्या काळात किती कोंबड्या स्वस्तात फुंकल्या गेल्या, किती मेलेल्या नाल्याकडं फेकल्या गेल्या, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. लपवालपवी झाली, हे खरं आहे.

आता त्याची बाजूही ऐकून घ्या. एक दिवसाचं पिल्लू आणलं की अठरा-वीस आठवडे नुसतं खाऊ घालायचं. तोवर एक अंडं नाही. मग वर्षभर ती जवळजवळ रोज अंडं देते आणि बँकेचा हप्ता त्यातून जातो. आज मारली जाणारी कोंबडी ऐन अंड्यावर आलेली आहे, म्हणजे खर्च सगळा झालाय आणि उत्पन्न आत्ता कुठं सुरू झालंय. तिचे सरकार देणार ४० रुपये. जी आधीच मेली तिचे काहीच नाही.

"म्हणजे आजारी कोंबडी मी तीन दिवस आधी कळवली असती तर तीन दिवस आधी बुडालो असतो," तो म्हणतो. "न कळवता विकली असती तर चार पैसे आले असते. मग कळवणारा शहाणा की विकणारा?"

याचं उत्तर सापडलं तर सांगा. संसर्ग झालेल्या जागेभोवती तीन किलोमीटरांत एकही पक्षी जिवंत ठेवायचा नाही आणि दहा किलोमीटरांपर्यंत पाळत ठेवायची, हा तेव्हाचा नियम काही कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेला नाही. विषाणू विष्ठेत असतो. तो बुटाला लागतो, ट्रेला लागतो, टेम्पोच्या चाकाला लागतो. आजारी तेवढ्या वेचून मारायच्या म्हटलं तर वेचणाराच तो पुढच्या शेडमध्ये घेऊन जाईल. शिवाय २००३ पासून आशियात हा रोग माणसांना लागत होता आणि लागलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं दगावत होती. त्या फेब्रुवारीत दिल्ली घाबरली ती उगाच नाही. माझ्या मते मारण्याचा निर्णय बरोबर होता. चुकला तो भाव. आणि भाव चुकला की कोंबड्या तीन किलोमीटरांबाहेर निघून जातात, म्हणजे निर्णयही निम्मा वायाच गेला.

बाहेर जेसीबी खड्डा खणतोय. पोती आत पडतात, वर चुना, वर माती. काही ठिकाणी पाण्यातून गुंगीचं औषध दिलंय, काही ठिकाणी हातानंच माना पिरगाळतायत. हे काम करणारे बहुतेक पशुसंवर्धन खात्याचे लोक, ज्यांनी आयुष्यभर जनावरं वाचवायचं काम केलं. एकाचा गॉगल आतून धुकट झालाय, तो काढून पुसायची सोय नाही. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "साहेब, नोकरी आहे." पुढं बोलणार नाही.

तुम्हाला मालकाला काहीतरी सांगावंसं वाटतंय. की पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, याच नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू येईल, पुन्हा पोती, पुन्हा चुना. तेव्हा अंड्यावरच्या कोंबडीमागे ९० रुपये आणि अंड्यामागे ३ रुपये मिळतील, आणि तेव्हाही लोक म्हणतील की एवढ्यात भागत नाही. सांगू नका. तो नवीन शेड बांधणारच आहे, दुसरं काय करणार?

आठवडाभरानं महाशिवरात्र, २६ फेब्रुवारी. देवमोगरा मातेची यात्रा. नवापूरच्या आसपासच्या पाड्यांवरची माणसं नवस फेडायला कोंबडा घेऊन जातात. मातेला कोंबडा, बकरा आणि मोहाची दारू लागते. यंदा तीन किलोमीटरांतल्या पाड्यांवर कोंबडाच उरलेला नाही. नवसाच्या कोंबड्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते छापील अर्जात नव्हतं.

तिकडं देशभर चिकनचा भाव कोसळलाय. रेल्वेनं जेवणातून कोंबडी आणि अंडी काढून टाकली. पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी चघळून दाखवतायत. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू तगत नाही हे शास्त्रज्ञ सांगतच होते, पण लोकांनी शास्त्रज्ञही ऐकले नाहीत आणि तंगड्याही पाहिल्या नाहीत.

आता मार्चच्या मध्यावर या. होळी नुकतीच झालीय. तुम्ही सावद्याच्या बाजूला आहात, रावेर तालुका, चोहोकडं केळी. जळगाव जिल्ह्यातली चार नावं जाहीर झालीत: हातेड, साळवे, मारूळ, सावदा. इथं नवापूरसारख्या ओळीनं शेड नाहीत. चार इथं, सहा तिथं, अशा परसातल्या कोंबड्या. संध्याकाळी दुरडीखाली झाकायच्या आणि सकाळी सोडायच्या. मालकीण बहुतेक बाईच, आणि अंड्याचे पैसेही तिचेच. नवऱ्याला विचारल्याशिवाय खर्चता येणारे घरातले तेवढेच पैसे. शेडवाल्याकडं वही होती, बिलं होती, संघटना होती. हिच्याकडं दुरडी आहे.

आजीनं तुम्हाला ओट्यावर बसवून चहा दिलाय. मलकापूरचे म्हटल्यावर तिनं आधी कुणाचे कोण ते विचारून घेतलं. तिची भाची तिकडंच दिलीय. तेवढ्यात पथक येतं. पुढं एक पशुधन पर्यवेक्षक, हातात नोंदवही, मागं पांढऱ्या कपड्यातले दोघं.

"आजी, किती आहेत?"

"तीन."

"परवा मोजल्या तेव्हा सहा होत्या."

"मांजरानं नेल्या."

"तिन्ही?"

"मोठं मांजर व्हतं."

मागचा एक जण हसतो. पर्यवेक्षक हसत नाही, पण ओरडतही नाही. सकाळपासून त्यानं गावात अशी बरीच मांजरं ऐकलेली असणार. तो समजावतो की रोग माणसाला लागतो, की नातवंडं अंगणात खेळतात, की कोंबडीमागे ४० रुपये मिळतील.

"चाळीस रुपयांत मले एक कोंबडी आणून दे. अंड्यावर आलेली," आजी म्हणते. "मंग ह्या घेऊन जाय."

"आजी, आज बाजारात कोंबडी कुणी दहालासुद्धा घेत नाही."

"मी इकाले कुठी काढली?"

तो गप्प होतो. हिशेब दोघांचाही बरोबर आहे. तो बाजाराचा भाव सांगतोय, ती अंड्यांचा. तीन कोंबड्या पोत्यात जातात. आजी तिकडं बघत नाही, ती दुरडी उपडी करून झाडत बसते.

गावात शिरताना तुम्ही एक सायकल पाहिली होती. कॅरियरला भोकं पाडलेलं पोतं बांधलेलं आणि ते हलत होतं. सायकल मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागली. तिकडून पुढं बुऱ्हाणपूरच्या वाटेवर इच्छापूर आहे. मार्च संपायच्या आत तिथंही बर्ड फ्लू निघणार आहे. त्या पोत्याचा आणि इच्छापूरचा काही संबंध असेलच असं नाही. कुणीच सिद्ध केलेलं नाही, आणि रोग पसरायला एक सायकलच लागते असंही नाही. पण तुम्ही मात्र आता तो नकाशा मनात काढून बसला आहात.

पर्यवेक्षक नोंदवही मिटतो आणि पहिल्यांदाच तुमच्याकडं नीट बघतो.

"पाहुणे कुठले तुम्ही?"

"मलकापूरचे."

"येताना वाटेत कुणी कोंबड्या घेऊन जाताना दिसलं का? खरं सांगा. या गावापुरता प्रश्न नाही हा."

तुम्ही तोंड उघडता.

"चहा माझ्या घरचा पेला नं भाऊ तुम्ही?" दुरडी झाडता झाडता आजी विचारते.