निवडणुकीआधीचा देश टिपणारा कॅमेरा आणि व्हाइटफील्ड

निवडणुकीचे छायाचित्र म्हटले की प्रचारसभा, पुष्पहार, हात उंचावलेला नेता आणि शाई लावलेले बोट एवढेच डोळ्यांपुढे येते. दस्तऐवजी छायाचित्रणाची एक शाखा मात्र या दृश्यांकडे जाणीवपूर्वक पाठ फिरवते. मतदानाच्या आधीच्या महिन्यांत, क्वचित वर्षांत, लोक कशाची वाट पाहत आहेत आणि कशाला कंटाळले आहेत, हे ती रस्ते, भिंती, लग्नमंडप आणि रिकामी मैदाने यांतून शोधते.

भारतातील अशा कामाचे ठळक उदाहरण म्हणजे बंगळुरूचे छायाचित्रकार महेश शांताराम यांची ‘लास्ट डेज ऑफ मनमोहन’ ही मालिका. भारतीय विवाहसोहळ्यांवरील ‘मॅट्रिमेनिया’मुळे ते आधीच परिचित होते. मनमोहन सिंग २००४ ते २०१४ या काळात पंतप्रधान होते. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी एप्रिल २०११ मध्ये दिल्लीत केलेले उपोषण, टू-जी आणि कोळसा खाणवाटपाचे वाद, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतरचा संताप अशा घटनांनी त्यांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे व्यापली होती. सत्तांतराआधीच्या या देशाची मनःस्थिती हाच मालिकेचा विषय. शीर्षकात पंतप्रधानांचे नाव असले, तरी ती व्यक्तिचित्रांची मालिका नव्हे.

या परंपरेचा जागतिक आरंभबिंदू म्हणून बहुधा रॉबर्ट फ्रँक यांचे नाव घेतले जाते. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिका पालथी घातली. हजारो छायाचित्रांतून निवडलेल्या ८३ चित्रांचे पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसमध्ये निघाले. १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी शिकागोत भरलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशनही त्यात आहे, परंतु उपाहारगृहे आणि महामार्ग यांच्या रांगेतील एक दृश्य म्हणून. ब्रिटनमध्ये २०१० साली सायमन रॉबर्ट्स यांना संसदेनेच ‘निवडणूक कलावंत’ म्हणून नेमले. त्यांनी मोठ्या प्लेट कॅमेऱ्याने, काहीशा उंचीवरून, प्रचारापेक्षा प्रचाराभोवतीचा परिसर टिपला. भारतात रघू राय यांचे १९७७ मधील छायाचित्र, ज्यात सफाई कामगाराच्या कचऱ्यात इंदिरा गांधींचे पोस्टर दिसते, आजही सर्वाधिक स्मरले जाते. अर्थात निकाल माहीत असलेला वाचकच त्यात पराभव पाहतो. या प्रकारातील खरी अडचण हीच आहे.

अशा शोधासाठी पूर्व बंगळुरूतील व्हाइटफील्ड हे बोलके ठिकाण आहे. म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार दहावे यांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये ही अँग्लो-इंडियन वसाहत वसली. तिला नाव मिळाले ते डी. एस. व्हाइट यांचे. नव्वदच्या दशकात आलेल्या आयटी पार्कनंतर ‘इनर सर्कल’मधील जुन्या बंगल्यांशेजारी काचेचे मनोरे उभे राहिले. मराठी अभियंत्यांची कुटुंबेही येथे मोठ्या संख्येने स्थिरावली. मनोरे बांधणारे परप्रांतीय मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यापैकी अनेकांचे मतदान अजूनही गावीच आहे.

व्हाइटफील्ड महादेवपुरा विधानसभा आणि बंगळुरू मध्य लोकसभा मतदारसंघात येते. २०१४ मध्ये इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख व्ही. बालकृष्णन येथून आम आदमी पक्षातर्फे उभे होते. विजय मात्र भाजपचे पी. सी. मोहन यांचा झाला. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीआधी ‘व्हाइटफील्ड रायझिंग’ या नागरिक गटाने मतदारनोंदणीची मोहीम चालवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या तंबीनंतर शहरातील फ्लेक्स उतरले. छायाचित्रकारांच्या दृष्टीने हा लहान बदल नव्हता, कारण रस्त्यावरील चेहऱ्यांची गर्दीच नाहीशी झाली.

मेट्रोचे उदाहरण अधिक बोलके आहे. कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड या मार्गाचे उद्घाटन पंतप्रधानांनी २५ मार्च २०२३ रोजी केले. त्यानंतर चारच दिवसांनी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. बैय्यप्पनहळ्ळीपर्यंतचा जोडणारा तुकडा मात्र ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. मधले महिने प्रवासी उतरून बस धरत होते. उद्घाटनाच्या छायाचित्रापेक्षा त्या बसथांब्याचे छायाचित्र या शाखेच्या कामाचे.

मतदान केंद्रात छायाचित्रणासाठी निवडणूक आयोगाचे अधिकारपत्र लागते आणि मताची गुप्तता भंग होईल असे चित्र टिपता येत नाही. त्यामुळेही ही शाखा बहुतांशी केंद्राबाहेर राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र छायाचित्र थेट वादाच्या मध्यभागी आले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महादेवपुराच्या मतदारयादीत एक लाखाहून अधिक मते बनावट असल्याचा आरोप काँग्रेस नेते राहुल गांधी यांनी केला. एकाच छोट्या खोलीच्या पत्त्यावर ८० मतदार असल्याचेही त्यांनी म्हटले. आयोगाने आरोप फेटाळून त्यांच्याकडे स्वाक्षरीसह प्रतिज्ञापत्र मागितले. माध्यमांचे कॅमेरे त्या खोलीपर्यंत पोहोचले. खोली किती लहान आहे, हे त्यांनी टिपले. तेथे वर्षानुवर्षे कोण राहून गेले, हे भिंतींवरून कळणारे नव्हते.