दिवस ठरलेला, जागा ठरलेली

भूमचा आठवडी बाजार भरवायला कोणाला निमंत्रणे धाडावी लागत नाहीत. वार ठरलेला, जागा ठरलेली. तालुक्यातला माणूस आपोआप तिकडे वळतो. खव्यासाठी नाव असलेल्या या तालुक्यात विकणाऱ्याला घेणारा गाठ पडतो तो अशा ठरलेपणामुळेच. पण ताऱ्यांचे वेड असलेल्या माणसाला त्याच गर्दीत दुसरा तसा माणूस भेटेल याची खात्री नाही. दोघे शेजारून गेले तरी ओळख पटायची कशी?

अडचण मुख्यतः संख्येची आहे. एखादा छंद दहा हजारांत एकाला असतो असे समजू. वीस हजार वस्तीच्या गावात असे दोघे निघतील. 2011 च्या जनगणनेत पुणे शहराची वस्ती 31 लाखांच्या वर होती. तिथे तीनशे निघतील. छंदाच्या संस्था शहरात उभ्या राहतात याचे श्रेय आपण शहरी हुशारीला देतो. निम्मे तरी या साध्या भागाकाराला द्यायला हवे. पुण्यात 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हॅलेचा धूमकेतू येण्याच्या सुमारास, 1985 मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन अमावास्येच्या आसपास असते, कारण चंद्रप्रकाशात अंधुक तारे दिसत नाहीत. म्हणजे इथे तारीख ठरवण्याचे निम्मे काम पंचांगच करते!

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. रॉबर्ट पटनम या अभ्यासकाने 1995 च्या एका लेखात दाखवले की, 1980 ते 1993 या काळात बोलिंग खेळणारे सुमारे 10 टक्क्यांनी वाढले, पण संघ करून खेळणारे 40 टक्क्यांनी घटले. खेळ राहिला, मंडळी पांगली. या विषयावरचे त्यांचे पुस्तक 2000 साली आले. पुढच्याच वर्षी, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, न्यूयॉर्कमध्ये अनोळखी शेजारी एकमेकांशी बोलू लागल्याचे स्कॉट हायफरमन यांनी पाहिले आणि 2002 मध्ये सहकाऱ्यांसह 'मीटअप' ही इंटरनेटवरील सोय सुरू केली.

तिची सुरुवातीची रचना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक विषयाला महिन्यातला एक दिवस नेमलेला असे, आणि तो सगळ्या गावांना एकच. आपल्या गावात कोठे जमायचे हे सभासद मते देऊन ठरवीत. हा आठवडी बाजाराचाच नियम, फक्त संगणकावर आलेला. हॉवर्ड डीन यांच्या प्रचारात 2003 साली दर महिन्याचा पहिला बुधवार असा देशभर गाजला. 2005 मध्ये मात्र गट चालवणाऱ्यांवर शुल्क बसले, महिन्याला 19 डॉलरपर्यंत, आणि अनेक गट बाहेर पडले. पुढे 2017 पासून मालकीही अनेकदा बदलली. बाजाराची जागा दुसऱ्याची असली की भाडे केव्हा वाढेल सांगता येत नाही.

मराठीत 1996 साली सुरू झालेल्या 'मायबोली'वरून ओळखी झालेली माणसे प्रत्यक्ष भेटू लागली. त्या भेटीला 'गटग' हे नाव पडले. इंग्रजी 'गेट-टुगेदर'चे हे मराठी लघुरूप आहे. शब्द गमतीचा, पण नव्या रीतीला स्वतःचे नाव मिळाले की ती रुजली असे समजावे.

पुन्हा भूमकडे वळू. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये साडेसोळा लाखांच्या आसपास होती. आपल्या हिशेबाने जिल्ह्यात आकाशप्रेमी एकशे पासष्ट. गावातल्या दोघांना या बाकीच्यांचा पत्ता लावून देणे हे इंटरनेटला सहज जमेल. पण उमरगा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या माणसाने संध्याकाळी भूमला येऊन तारे पाहायचे आणि शेवटची एसटी पकडायची, हे जमणारे नाही. त्याच्यासाठी कार्यक्रम रात्रभराचा हवा, शनिवारचा, अमावास्येजवळचा, आणि पाठ टेकायला शाळेची एखादी खोली उघडी हवी. मग सकाळच्या पहिल्या गाडीने त्याला परत जाता येते.